घेतल्याची सही

१

ठकीला रिकामा रकाना बघवत नसे. स्वभाव म्हणा, नाहीतर पोटापाण्याच्या कामाने लावलेली खोड म्हणा. सत्तावीस वर्षं ती एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या नोंदवह्या बांधत आली होती. वही टेबलावर आली की आधी फडक्याने धूळ पुसायची, पाठीवरचा वाळलेला गोंद हलक्या हाताने खरवडायचा, पानं मोजायची, आणि मग नव्या दोऱ्याने शिवायला घ्यायचं. वाचणं हे तिचं काम नव्हतं. पण शिवता शिवता नजर जायचीच, आणि एखाद्या ओळीतला शेवटचा रकाना मोकळा दिसला की दातात काहीतरी अडकल्यासारखं तिला दिवसभर होत राही. घरी कुठलाही फॉर्म आला तरी ‘लागू नाही’ असं लिहिल्याशिवाय ती जागा सोडत नसे.

“तुला न्यायला यम आला ना, तर त्याचा फॉर्मसुद्धा तू पूर्ण भरून देशील,” असं दादा म्हणायचा.

ठकी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हतं. या नावाने हाक मारणारा माणूस जगात आता एकच उरला होता, आणि त्याचा मंगळवारी रात्री फोन आला.

“ठके, तारीख अलीकडे आणली गं त्यांनी. गुरुवारी सकाळी आठला मला कापायला घेणार. बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत भेटायला सोडतात. येतेस ना?”

“म्हणजे उद्या?”

“तुझं तोंड बघितल्याशिवाय मी टेबलावर चढायचा नाही. सांगून ठेवलंय डॉक्टरला.” तो हसला, पण हसणं मध्येच संपलं. “खरंच ये गं.”

आगगाडीने एकोणीस तास लागत. सहाच्या आत पोचायचं तर विमानाशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि विमान म्हणजे मधल्या शहरातून बदली. त्या वाटेने ठकी बेचाळीस वर्षांत गेली नव्हती. विमानात माझे कान दुखतात, असं ती सगळ्यांना सांगायची. सांगून सांगून तिलाही ते खरं वाटू लागलं होतं.

२

लहानपणी मात्र ही वाट तिला तोंडपाठ होती. आईची नोकरी एका शहरात, बाबांची दुसऱ्या. पोरं शाळेपुरती आईकडे, आणि सुट्टी लागली की बाबांकडे. आईच्या गावचं छोटं विमान मधल्या शहरातल्या जुन्या विमानतळावर उतरायचं, आणि बाबांकडे जाणारं मोठं विमान त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाच्या नव्या विमानतळावरून सुटायचं. मध्ये पाऊण तासाचा बसचा रस्ता. एकट्यादुकट्या पोरांना तेवढा रस्ता पार करून द्यायला एक बाई नेमलेल्या होत्या. अंगात निळं जाकीट, काखेत हिरव्या कापडाची नोंदवही, खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. त्यांचं नाव काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दादाने परस्पर त्यांचं बारसं करून टाकलं होतं, बदलीच्या मावशी.

मावशी आधी पोरांच्या गळ्यात पिवळ्या रेक्झिनचं पाकीट अडकवायच्या. मग वहीत ज्याचं त्याला स्वतःचं नाव लिहायला लावायच्या. पुढे दोन रकाने. ‘दिले’ खाली जुन्या विमानतळाची सही, ‘घेतले’ खाली नव्याची.

“पाकीट गळ्यात, हात हातात,” मावशी बजावायच्या. “आणि पलीकडे सही झाल्याशिवाय हात सोडायचा नाही. काय?”

“नाही सोडायचा!”

“आणि शू लागली तर?” दादा दर खेपेला विचारायचा.

“तर हात आणि शू, दोन्ही धरून बसायचं.”

दर खेपेला तोच विनोद, आणि दर खेपेला दोघं पोट धरधरून हसायची.

नवव्या वर्षी ठकी एकटी निघाली. दादा शाळेच्या संघाबरोबर पंधरा दिवस आधीच तिकडे गेला होता. त्या दिवसातलं तिला आठवायचं ते एवढंच: ड्रायव्हरच्या मागची जागा, जिभेवर गार पेपरमिंट, वळणावरची गोल पाण्याची टाकी, आणि मावशींचा कोरडा, ऊबदार तळहात. त्यानंतर एकदम बाबांच्या घरचा पलंग. आणि पायथ्याशी बसून तिच्याकडे टक लावून बघणारा दादा.

मधलं काही नाही. झोप लागली असणार. पोरांना बसमध्ये झोप लागतेच.

पुढच्या सुट्टीपासून आई रजा काढून त्यांना आगगाडीने नेऊ लागली. मावशींनी नोकरी सोडली, असं काहीसं ओझरतं कानावर आलं होतं.

३

जुना विमानतळ होता तसाच होता. ठकीला एकदम भरून आलं. तीच बुटकी छतं, मधोमध झिजून पांढरी पडलेली तीच फरशी, तोच फिनेलचा वास. तीन दिवसांनी तो कायमचा बंद व्हायचा होता. छोटी विमानंही आता नव्याकडेच उतरणार होती. निम्म्या भिंतींवरच्या पाट्या उतरवून खाली टेकवून ठेवल्या होत्या.

बदलीच्या काउंटरवर एक गोलमटोल बाई डबा उघडून बसल्या होत्या. त्यांनी तिकीट बघितलं, तोंडातला घास गालात सारला आणि मशीनचं बटण दाबलं.

“सव्वाअकराची बस. ही घ्या चिठ्ठी.”

ठकीने सवयीने चिठ्ठी वाचली. *मोठे १. लहान १.*

“माझ्याबरोबर कुणी लहान नाही हो.”

“नाही?” बाई काउंटरवरून पुढे वाकल्या. ठकीच्या उजव्या बाजूला, कमरेच्या खाली कुठेतरी त्यांनी बघितलं, आणि पोरांकडे बघून माणूस हसतो तसं सवयीने हसल्या. मग मागे टेकल्या. “मशीन म्हातारं झालंय, ताई. माझ्यासारखंच. एकाचे दोन दिसतात त्याला.”

“दुसरी चिठ्ठी देता का?”

“रोल संपला. आता तीन दिवसांसाठी नवा कोण देतंय? राहू दे. जास्तीची जागा मिळाली, पर्स ठेवा तिथं.”

बाई हसल्या कशाला, हे विचारावं असं ठकीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण काय विचारणार? हसल्या, झालं. काही माणसं हसतमुख असतात.

४

बसला अजून वीस मिनिटं होती. एकट्या पोरांना बसवून ठेवायची ती खोली बघायला ठकी गेली. बुटकी बाकं एकावर एक रचली होती. दोन हमाल कपाट रिकामं करत होते, आणि जमिनीवर वह्यांचा ढीग पडला होता. हिरवं कापड. तिने ते दारातूनच ओळखलं.

“बघू का जरा? मी लहानपणी इथून जायचे.”

“बघा की!” बाई डबा बंद करून मागोमाग आल्या होत्या. “तिकडच्या रेकॉर्डला धाडायच्यात आज तुमच्याच बसमधून. सगळ्यांच्या शिवणी गेल्यात. हात लावला की पानं हातात येतात.”

ठकी जमिनीवर मांडी घालून बसली. तिला हवी ती वही सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. साल, महिना, तारीख. पानभर ‘दिले’ आणि ‘घेतले’, शेजारी शेजारी, नवरा-बायकोसारखे. फक्त खालून चौथ्या ओळीत ‘दिले’ एकटंच होतं. समोरचा रकाना कोरा.

ओळीच्या सुरुवातीला पोराच्या हातचं नाव होतं. तिचंच. पूर्ण नाव, आडनावासकट.

तिने पान उजेडात धरलं. इथे तिचं डोकं नेहमीच्या वाटेने चालू लागलं, आणि तिला जरा बरंही वाटलं. कागद त्याच काळचा. दोरा मूळचा. पान मागाहून घुसडलेलं नाही, कोऱ्या रकान्यात काही खोडल्याची खूण नाही. मग तिची नजर नावावर परत आली. अक्षरं डावीकडे कललेली होती, आणि त्यांच्यावरून शाई फासली होती. लिहिणाऱ्याच्या हाताची कड ओल्या अक्षरांवरून सरकत गेल्यासारखी. असं फासलेलं तिने शेकडो वह्यांत बघितलं होतं. डावखुऱ्यांचं असंच होतं.

ठकी उजव्या हाताने लिहायची. पहिल्यापासून.

“काय हो, काय सापडलं?” बाईंनी खांद्यावरून डोकावलं आणि मोठ्याने हसल्या. “अगं बाई! म्हणजे कागदोपत्री तुम्ही अजून पोचलाच नाहीत की! बेचाळीस वर्षं बसमध्येच!”

हमालही हसले. ठकीही हसली. दुसरं काय करणार?

“करून टाका सही,” बाईंनी पेन पुढे केलं. “तुम्ही पोचलात हे तुमच्याइतकं कुणाला माहीत?”

तो रकाना ठकीला आत्ताच दातात टोचू लागला होता. तिने पेन घेतलं, आणि परत दिलं. “घेतल्याची सही पलीकडे करायची असते. इथे नाही चालत.”

“तुम्ही आमच्या मोठ्या साहेबांपेक्षा कडक! बरं, मग असं करा, ही वही तुम्हीच धरा मांडीवर. तुम्ही यातल्या जाणकार. बाकीच्या डिकीत टाकते.”

५

बसमध्ये सहा प्रवासी होते. ड्रायव्हर, पिकल्या मिशांचा माणूस, दारात उभा राहून बोट नाचवत मोजत गेला. “चार, पाच, सहा. आणि एक. चला.”

ठकी त्याच्यामागच्या जागेवर बसली. शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा आधीच लावलेला होता. हल्ली पट्टा लावला नाही तर गाडी कोकलत राहते, म्हणून ड्रायव्हर लोक रिकाम्या सीटचेही लावून ठेवतात, हे तिला माहीत होतं. पण तो सैल लोंबत नव्हता. आखूड करून, ओढून घट्ट बसवलेला होता. पाठीपासून वीतभर पुढे आलेला. मध्ये हवा होती.

तिने पर्स तिथे ठेवली नाही. स्वतःच्या मांडीवर वही, वहीवर पर्स, असं सगळं सांभाळत ती बसली.

रस्ता ओळखू येत नव्हता. जिथे टायरची दुकानं होती तिथे काचेच्या इमारती झाल्या होत्या. वळण आलं तेव्हा तिने मान उंच करून बघितलं. गोल टाकीच्या जागी उड्डाणपूल होता. तिला वाईट वाटलं, आपल्याला न विचारता कुणीतरी घरातलं सामान हलवावं तसं.

“टाकी पाडली हो,” ड्रायव्हर आरशात न बघताच म्हणाला. “वीस वर्षं झाली असतील.”

“मी कुठे काही विचारलं?”

“नाही? मग मागून कुणी विचारलं असेल. टाकी कुठे गेली म्हणून.” त्याने खांदे उडवले. “पोरं विचारत असतात.”

मागे पाच मोठी माणसं आपापल्या फोनात मान घालून बसली होती.

तेवढ्यात चुरचुर असा आवाज आला. बारीक, चकचकीत कागद दोन बोटांनी उलगडावा तसा. आणि पेपरमिंटचा वास. कुणीतरी गोळी खाल्ली असेल. खातात माणसं गोळ्या. ठकीने दादाला फोन लावला; तिला कुणाचातरी आवाज ऐकायचा होता.

“पोचलीस?”

“बसमध्ये आहे. दादा, त्या वर्षी मी एकटी आले, तेव्हा मला घ्यायला कोण आलं होतं?”

पलीकडे पलंग करकरला.

“आज कसं काय आठवलं तुला? मी आणि बाबा. तू बाहेर आलीस ती एकटीच. मावशी नाहीत, गळ्यात पाकीट नाही. बाबा तिकडच्या माणसाशी भांडणार होते, मग म्हणाले, पोरगी हाती लागली ना, बास.”

“मग?”

“मग काय. महिनाभर तू बोलली नाहीस. चमचा उजव्या हातात धरायला लागलीस.”

“म्हणजे? आधी?”

“आधी डावखुरी होतीस की! आईने किती मारलं होतं तुला त्यावरून. आई म्हणाली, बरं झालं, आपोआप सुटली सवय.” तो हसायला गेला आणि खोकला. “ठके, उद्या काय होईल सांगता येत नाही म्हणून बोलतो. रागावू नकोस. मला ना, कायम वाटायचं, तुला आणताना आपलं काहीतरी मागे राहिलं. बाबांना म्हणालो तर त्यांनी कानफटात दिली. वेड्यासारखं आहे, मला माहितीये. तू माझ्यासाठी काय कमी केलंस का आयुष्यभर?”

“गोळ्यांचा परिणाम आहे तो,” ठकी म्हणाली. “पडून राहा. मी येते.”

“सगळी ये,” दादा म्हणाला.

६

नव्या विमानतळाच्या तळघरातलं रेकॉर्ड म्हणजे एक टेबल, एक ट्यूबलाइट आणि जाड चष्म्याचे एक गृहस्थ. ड्रायव्हरने वह्यांचे गठ्ठे आणून ठेवले. ठकीने आपल्या हातातली वही वर ठेवली. आता निघायला हवं होतं. विमानाला दीड तास होता. पण गृहस्थांनी थुंकी लावून पान उलटलं, आणि त्यांचं बोट नेमकं तिथेच जाऊन थांबलं.

“एक जागा रिकामी आहे.”

“हो. ती माझी आहे.”

“अशी मला वही जमा करता येत नाही,” ते शांतपणे म्हणाले. “कुणी घेतलं?”

प्रश्न साधाच होता. सही नाकारून ठकीला सरळ वरच्या मजल्यावर जाता आलं असतं. तिने तसं ठरवलंही. पण तो पांढरा चौकोन तिच्याकडे बघत होता, आणि दादाचं शेवटचं वाक्य कानातून जात नव्हतं. तिने पेन उचललं आणि ‘घेतले’ खाली स्वच्छ, वळणदार सही केली.

गृहस्थांनी टिपकागद दाबला. मग चष्म्यावरून आधी ठकीकडे बघितलं, मग तिच्या शेजारी, जरा खाली.

“दमली असेल,” ते म्हणाले. “जा घेऊन.”

पेन खाली ठेवल्यावर तिचा उजवा हात पूर्ण उघडेना. बोटं अर्धवट मिटलेलीच राहिली, काहीतरी धरल्यासारखी. शिवणीचं काम जास्त झालं की असं व्हायचं तिला. पेटके येतात. मात्र पेटके आलेला हात दुखतो. हा दुखत नव्हता. तळव्याला नुसता गारवा होता, आणि किंचित चिकटपणा.

विमानात शेजारची जागा मोकळी होती. ठकीने तिकडे बघितलं नाही. एवढंच, की खिडकीचा पडदा तिने उघडाच ठेवला. लहानपणी तिला ढग बघायला फार आवडायचे.

कान दुखले नाहीत.

७

वॉर्डाच्या दारात ती पोचली तेव्हा सहाला वीस मिनिटं कमी होती. टेबलावर भेटायला येणाऱ्यांची वही होती. उजवा हात मोकळा नव्हता, म्हणून तिने डाव्या हाताने नाव लिहिलं. अक्षरं कलली, आणि हाताची कड ओल्या शाईवरून सरकत गेली. नातं लिहायच्या आधीच नर्स म्हणाली, “जा आत, वेळ थोडा आहे. झोपेचं औषध दिलंय त्यांना. बाकीचं जाताना लिहा.”

दादा उशीला टेकून बसला होता. किती वाळला होता! दार वाजल्यावर त्याने मान वळवली. ठकीने “दादा” म्हणायला तोंड उघडलं.

पण त्याची नजर तिच्या तोंडावर आलीच नाही. ती तिच्या उजव्या हाताशी थांबली, आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. चौपन्न वर्षांच्या त्या चेहऱ्यावर असं हसू ठकीने कधीच बघितलं नव्हतं. तिच्यासाठी तर नाहीच.

“आलीस होय गं, ठके,” तो म्हणाला. “किती उशीर!”

ठकी दारातच उभी राहिली. औषध आहे, तिने स्वतःला सांगितलं. औषधाने माणूस काहीही बोलतो.

दादाने मग वर बघितलं. अनोळखी बाईकडे बघावं तसं, अदबीने.

“तुमचे फार उपकार झाले, मावशी. एवढ्या लांबून आणून पोचवलंत. सही कुठे करू?”

“दादा, अरे मी...”

“सही झाल्याशिवाय हात सोडायचा नाही, नाही का?” तो हसला. “आणा इकडे. उद्या मला वेळ मिळायचा नाही.”

बाकी काय करावं हे तिला सुचेना. तिने डाव्या हाताने पर्स उघडली. कागद म्हणून एकच होता, बसची चिठ्ठी. ती तिने उलटी करून त्याच्या पुढ्यात धरली आणि पेन दिलं. सुईमुळे दादाचा हात जड झाला होता. तरीही जीभ दातात धरून, एकेक अक्षर कोरत त्याने लिहिलं, *घेतले*, आणि खाली सही केली.

त्याच क्षणी ठकीच्या उजव्या हाताची बोटं उघडली. एकेक करून. तळवा मोकळा झाला, आणि खोलीतल्या हवेने कोरडा पडला.

पलंगाच्या कडेवरून दादाचा हात खाली लोंबत होता. आता तो लोंबेनासा झाला. बोटं कशाभोवती तरी मिटली.

“निघा तुम्ही, मावशी,” तो प्रेमाने म्हणाला. “बस चुकेल तुमची.”

बाहेर नर्सने वही पुढे सरकवली. “नातं राहिलंय तुमचं. पेशंटच्या कोण तुम्ही?”

ठकीने पेन घेतलं. उजवा हात हलका झाला होता, कापसासारखा. मागे दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून चुरचुर आवाज आला, चकचकीत कागद उलगडल्यासारखा. मग दादा काहीतरी पुटपुटला, “आणि शू लागली तर?” असं काहीतरी, आणि हसू लागला. आवाज फुटायच्या आधी, बाराव्या वर्षी तो हसायचा, तसा. तो एकटाच हसत नव्हता.

“ताई? लिहिताय ना?”

पेनाचं टोक रकान्यावर टेकलं होतं. शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत चालला होता.